चौदा नंबरचं नंतर सांगते

डार्करूमच्या दाराला आतल्या बाजूनं दोन खिळे ठोकलेले होते. एक माझ्या कपाळाच्या उंचीवर, दुसरा गुडघ्याच्या.

०

पितृपक्षात सोलापुरात कुणी फोटो काढून घेत नसे. तो पंधरवडा भिंतीवरच्या जुन्या फोटोंचा.

०

नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण घालवायचे तर पेन्सिलीला सुईसारखं टोक हवं. श्वास सोडून झाल्यावर, दुसरा घ्यायच्या आत, हात चालवायचा.

०

अव्वा, म्हणजे माझी आई, शेंगांची चटणी कुटून विकायची. शेंगा करपल्या तर अख्खी उखळ गटारात रिकामी. वर तिखट वाढवून गिऱ्हाइकाची जीभ फसवणं तिला येत होतं. करायची नाही.

०

काळ्या-पांढऱ्या फोटोत झेंडू पांढुरका दिसतो. केशरी काय, पिवळा काय, सारखाच.

०

लग्नात मंगळसूत्र एकदाच घालतात.

०

"मग स्टुलावर कोण चढणार? मी?" वळसंगकर मास्तरांनी विचारलं आणि स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. गुडघा साठ वर्षांचा होता आणि त्याचं मास्तरांशी पटत नव्हतं.

शहाऐंशी साल. नव्या पेठेमागच्या बोळात मास्तरांचा स्टुडिओ होता. त्यांचा भाचा सुधाकर लग्नांचे फोटो काढायचा आणि त्यानं नुकतंच जाहीर केलं होतं, की दिवाळीनंतर तो पुण्याला चाललाय. लग्नाचा फोटोग्राफर म्हणजे स्टुलावर चढणारा माणूस. मांडवात पाहुण्यांच्या डोक्यांची भिंत उभी राहते; तिच्यावरून बघायचं तर स्टूल हवंच.

मी कोपऱ्यात काचेच्या उतरत्या टेबलाशी बसले होते. सहा वर्षं मी तिथंच बसले होते. रिटचिंग करायचे. लोकांचे व्रण, सुरकुत्या, तिरळेपणा आणि सुधाकरच्या चुका पुसायचे.

"मी चढते," मी म्हणाले.

दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. टेबल बोलल्यासारखं.

"पेन्सिलबाई स्टुलावर!" सुधाकरला हसू आवरेना. "पदर सांभाळणार का फोकस?"

"सुधाकरभाऊ, मागच्या वैशाखात हत्तुऱ्यांच्या नवरदेवाला तीन कान होते. तिसरा कान कुणी पुसला?"

"तो मागच्या माणसाचा कान होता."

"फोटोत तो नवरदेवाला फुटला होता."

मास्तर हसले नाहीत. ते हिशेबी माणूस नव्हते, पण नेमके होते. चहाचा कपसुद्धा बशीच्या मधोमध ठेवायचे.

"महानंदा, कॅमेरा कधी हातात धरलायस?"

"पुसायला."

"हं." त्यांनी कपाटातून जुना रशियन कॅमेरा काढला. विटेएवढा जड. "ऐक. लग्नात मंगळसूत्र एकदाच घालतात. 'परत घाला, माझं हुकलं,' असं म्हणता येत नाही. म्हणून रोज एकच फोटो काढायचा. हुकला तर हुकला. गावातून चालत फिरायचं, रिक्षा नाही, सायकल नाही. आजपासून खांडेनवमीपर्यंत एकवीस दिवस होतात. एकवीस फोटो. एखाद्या दिवशी कुणालाही जमतं, पोरी. रोज जमायला हवं."

"आणि जमलं तर?"

"दसऱ्याला दुकान बंद. एकादशीला दुपारी चार वाजता माझ्यासमोर ठेव. एकवीसच्या एकवीस चांगले निघाले तर स्टूल तुझं. एक जरी वाया गेला, तर हा विषय पुन्हा या दुकानात निघणार नाही. मी पुण्याहून माणूस आणीन."

"मामा, आत्ताच सांगून ठेवा त्याला," सुधाकर म्हणाला.

मास्तर डार्करूममध्ये गेले. फिल्मचा मोठा डबा असायचा आमच्याकडं. अंधारात वरच्या खिळ्यापासून खालच्या खिळ्यापर्यंत फिल्म ताणून कापली, की बरोबर एकवीस फोटोंची पट्टी होते. ती त्यांनी रिकाम्या नळकांडीत गुंडाळली आणि बाहेर येऊन कॅमेऱ्यात भरली. मी हात पुढं केला होता.

"राहू दे. तुला धुता येतं, भरता येत नाही."

खरंच होतं. फिल्म धुण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं, पण भरायचं काम पुरुषांचं. मास्तरांनी झाकण लावलं, फिल्म पुढं सरकवायचा खटका दोनदा ओढला. सुधाकर शेजारी उभा राहून पुण्यात कुठं खोली बघितलीय ते सांगत होता आणि मास्तर त्याला, तिथं पाणी दिवसातून कितीदा येतं, ते विचारत होते.

"घे," त्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. "एक नंबरवर आहे."

०

त्यानंतर मी रोज चालले.

पाऊस सरला होता. आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख. सकाळी अंगाला गारवा आणि दहा वाजता चटका, असे ते दिवस. बाजारात ओल्या शेंगांचे ढीग लागलेले, त्यांना अजून मातीचा वास. किल्ल्याच्या तटावर गवत माणसाच्या कमरेएवढं वाढून पिवळं पडायला लागलेलं.

मी एक वही केली. नंबर, जागा, वेळ, मी कुठं उभी होते, ऊन कुठल्या खांद्यावर होतं. फोटो काढायच्या आधी तासभर नुसती बघत उभी राहायचे, कारण एकदा बटण दाबलं की दिवस संपला. एक नंबर: किल्ल्याची वेस, शेळ्या बाहेर पडताना. तीन: कन्ना चौकाजवळ दोरीवर वाळत घातलेल्या सुताच्या लडी आणि त्यांच्यामधून वाकून जाणारी बाई. सहा: सात रस्त्यावर रिक्षाच्या आरशात बघून भांग पाडणारा रिक्षावाला. नऊ: गिरणीचं फाटक, भोंगा झाल्यावर. अकरा: साखर पेठेतली पिठाची चक्की आणि भुवयांपर्यंत पांढरा झालेला चक्कीवाला मल्लिनाथ.

चौदा नंबरचं नंतर सांगते.

सुरुवातीला लोक थांबवायचे. "कुठल्या पेपरातून आलाय?" "सरकारी सर्व्हे हाय का?" नंतर सवय झाली. मल्लिनाथ तर एकदा ओरडून म्हणाला, "बाई, आज आमचा नंबर न्हाय का?" मी मान हलवली आणि पुढं गेले. रोज एकच.

एकविसावा फोटो खांडेनवमीला संध्याकाळी, सिद्धेश्वर तलावाच्या काठावर. बगळ्यांची रांग पाण्यावरून देवळाकडं वळली, मी श्वास सोडला आणि दुसरा घ्यायच्या आत बटण दाबलं.

मग सवयीनं खटका ओढला.

तो ओढला गेला.

ओढला जायला नको होता. पट्टी एकवीस फोटोंची. ती संपली, की खटका मध्येच अडतो, दगडासारखा. मी बटण दाबून पुन्हा ओढला. बावीस. पुन्हा. तेवीस. चोवीस. लोण्यातून सुरी जावी तसा खटका जात होता.

०

घरी येऊन मी दार लावलं, अंगावर जाड चादर घेतली आणि तिच्या आत अंधारात कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. आत काही असेल तर उजेडानं जळायला नको म्हणून. बोटांनी चाचपलं. माझ्या बोटांना अंधारातलं वाचता येतं. फिल्मची जीभ मोकळीच पडली होती. दात्यांत अडकलीच नव्हती. पहिल्या दिवसापासून एक इंचही सरकली नव्हती. एकवीस दिवस मी रिकाम्या कॅमेऱ्यानं सोलापूरभर फिरत होते.

चादरीवरून आवाज आला. "घाम घेतीस काय गं? ताप हाय का?"

"अव्वा, फोटो आलेच नाहीत."

"किती?"

"एकबी नाही."

ती खाली बसली. उद्याच्या दसऱ्यासाठी ती झेंडूच्या माळा करत होती. सुई दोऱ्यासकट तिच्या हातात होती. मी तिला सगळं सांगितलं. खिळे, पट्टी, जीभ, दाते. तिला त्यातलं एवढंच समजलं, की फिल्म अजून कोरी आहे.

"मग उद्या काढ की."

"अव्वा, एकवीस दिवसांचे एका दिवसात?"

"जागा ठाऊक हायत?"

"आहेत."

"येळ ठाऊक हाय?"

"वहीत आहे."

"पाय हायत?"

मी पाय चादरीबाहेर काढले.

"उखळ पालथी झाली तर मी एकवीस दिस रडत बसते का? सांडलं ते सांडलं. शेंगा भाजायला घ्यायच्या." तिनं दातानं दोरा तोडला. "ऊठ. भाकरी खा."

जेवण झाल्यावर मी फिल्मची जीभ स्वतः दात्यांत अडकवली. आयुष्यात पहिल्यांदा. खटका ओढताना कॅमेऱ्यावरची डाव्या हाताची चकती फिरताना दिसली. तेव्हा मला कळलं, की फिल्म पुढं जात असेल तर ती चकती फिरते. एकवीस दिवस ती फिरली नव्हती आणि तिच्याकडं बघायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

झाकण लावायच्या आधी मी तीनदा बघितलं.

०

दसरा. सकाळी सहा.

अव्वानं कॅमेऱ्याला हळदीकुंकू लावलं. मी वहीची पानं नंबरानं न लावता वेळेनं लावली होती. सकाळचे सात, दुपारचे पाच, उतरत्या उन्हाचे आठ; एक पान कोरं.

किल्ल्याची वेस. शेळ्या त्याच वेळेला निघाल्या; शेळ्यांना दसरा नसतो. एक झाला.

तिथून कन्ना चौक. सुताच्या लडी नव्हत्या, माग बंद होते, पण मागवाल्याची आई उंबऱ्यात बसून मागाच्या धोट्याला गंध लावत होती. मी म्हटलं, थांबू नका, लावत राहा. तिनं वर बघितलंच नाही. झाला.

कुठं थांबायचं, ऊन कुठल्या खांद्यावर घ्यायचं, हे पायांना पाठ झालं होतं. तासभर बघत उभं राहायची गरज नव्हती. बघणं आधीच झालं होतं. मी पोचायचे, श्वास सोडायचे, बटण दाबायचे आणि निघायचे. साडेदहाला माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चपला एका कचेरीच्या भिंतीवर ठेवल्या आणि अनवाणी पुढं गेले. दसऱ्याचा दिवस; लोकांना वाटलं, बाईचा नवस आहे. एका म्हातारीनं तर माझ्या पायावर पाणी घातलं.

साखर पेठेत मल्लिनाथानं मला बघून दोन्ही हात वर केले. "आज आमचा नंबर लागला वाटतं!"

"लागला. मी नाही असं समजा."

तो चक्कीसमोर वाकला, कपाळ लोखंडाला टेकवलं. झाला.

सात रस्त्यावर रिक्षावाल्याच्या आरशात मी फोकस लावत होते, तेव्हा मागं स्कूटर थांबली.

"काय पेन्सिलबाई," सुधाकर. "पैज काल संपली की."

"संपली."

"मग हे काय? बाविसावा?"

"मास्तरांचा कॅमेरा आहे. दसऱ्याला देव दाखवायला काढलाय."

त्यानं माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं, वहीकडं बघितलं, ओठ मुडपले आणि स्कूटरला किक मारली. रिक्षावाला तोवर भांग पाडून थांबला होता. "ताई, परत पाडू का?" म्हणाला. पाडला त्यानं. झाला.

गिरणी बंद होती. फाटकात एकटा राखणदार, इस्त्रीचा खाकी पोशाख घालून, कुणीच येत-जात नसताना ताठ उभा. भोंगा नाही, सायकली नाहीत. मी क्षणभर घाबरले. मग वाटलं, रोज हजार माणसं याच्यासमोरून जातात आणि कुणी याला बघत नाही. झाला.

दुपारी ऊन डोक्यावर आलं, डांबर पायाला चिकटायला लागलं. मी तीन घरांत पाणी मागून प्यायले आणि एका घरात आग्रह करून पुरणपोळी हातावर ठेवली, ती चालता चालता खाल्ली. चार वाजता पालख्या पार्क मैदानाकडं सीमोल्लंघनाला निघाल्या आणि रस्ते भरले. मी सगळ्या गर्दीच्या उलट्या दिशेनं चालत होते. लोक गावाची सीमा ओलांडायला बाहेर, आणि मी आत. कुणीतरी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. मी ते वहीत घातलं आणि पुढं गेले.

सूर्य टेकला तेव्हा तलावाच्या काठावर होते. बगळे आले. मी श्वास सोडला.

मग खटका ओढला. अर्ध्यात अडला. दगडासारखा.

मी तिथंच, ओल्या पायरीवर, पाय पाण्यात सोडून बसले आणि मोठ्यानं हसले. शेजारी कपडे पिळणारी बाई म्हणाली, "काय झालं?"

"अडकला," मी म्हणाले.

०

एकादशीला सकाळी आठला स्टुडिओ उघडून मी रोल धुतला. पट्टी उजेडात धरली. एकवीस खिडक्या. एकही पांढरी नाही, एकही काळी नाही, एकही हललेली नाही. दहा वाजता पट्टी वाळली आणि मी पोस्टकार्डाएवढे फोटो छापायला घेतले.

पाण्यातून पहिला फोटो वर आला. रिक्षा. आरसा. भांग. आणि रिक्षाच्या कपाळावर, हँडलवर, आरशाच्या भोवती झेंडूचा जाडजूड हार.

दुसरा फोटो. वेशीला तोरण. पुढच्या शेळीच्या शिंगातसुद्धा एक फूल.

तिसरा. धोट्याला माळ. चौथा. गिरणीचं फाटक, वरपासून खालपर्यंत. पाचवा. चक्की.

तुम्ही म्हणाल, दिवसभर दिसलं कसं नाही. दसऱ्याच्या दिवशी झेंडू दिसत नाही. रोज कपाळावरचं कुंकू दिसतं का? सायकलीला, तराजूला, हातगाडीला, पंपाला, जिथं जिथं माणसाचा हात चालतो तिथं झेंडू असतोच. माझी नजर फूल ओलांडून माणसाकडं जात होती. एकवीस फोटो, एकवीस दिवसांचे म्हणून दाखवायचे, आणि प्रत्येकात दसरा.

साडेअकरा झाले होते. चारला मास्तर येणार.

आणि मला येत होतं. हेच तर मला येत होतं. काळ्या-पांढऱ्यात झेंडू पांढुरका. पांढुरक्यावर शाई भरली की तो मागच्या काळोखात मिसळून जातो. गावात माझ्याइतका हात कुणाचा चालत नव्हता. मी ब्रश ओला केला. रिक्षाचा हार दहा मिनिटांत गेला. मागं नुसती रिक्षा उरली, स्वच्छ, कुठल्याही मंगळवारची. भिंग लावलं तरी कळलं नसतं. चारपर्यंत एकवीस होत होते.

दुसरा फोटो उचलला. मल्लिनाथ. चक्कीच्या तोंडाला हार, त्याच्यासमोर तो वाकलेला, पांढऱ्या भुवया मिटलेल्या, कपाळ लोखंडाला. ब्रश हाराच्या टोकाला टेकवला. हार पुसला असता तर काय राहिलं असतं? एक माणूस उगाचच लोखंडासमोर वाकलेला.

ब्रश धरून मी बराच वेळ बसले असेन. बाहेर कुणीतरी आपट्याची वाळकी पानं झाडून गोळा करत होतं. त्याचा खराटा ऐकू येत होता.

मग मी कापसाचा बोळा ओला केला आणि रिक्षावरची शाई पुसून काढली. हार परत आला.

०

चार वाजता मास्तर आले. कप बशीच्या मधोमध. सुधाकर दाराला टेकून उभा. त्याला ही मजा चुकवायची नव्हती.

मी एकवीस फोटो टेबलावर मांडले. सात-सातच्या तीन ओळी. मास्तरांनी भिंग काढलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येकावर तेवढाच वेळ. चौथ्याला थांबले. परत पहिल्यावर गेले. मग न थांबता शेवटपर्यंत.

"महानंदा."

"हं मास्तर."

"एकवीस दिवस रोज दसरा होता?"

सुधाकर हसायला लागला. "मामा, मी बघितलं हिला काल! सात रस्त्यावर! अनवाणी हिंडत होती. सगळे कालचे आहेत!"

"कालचेच आहेत," मी म्हणाले. "एकवीसच्या एकवीस. रोज एक काढला होता, ते आले नाहीत. ही वही."

"आले नाहीत म्हणजे?"

"रोल दात्यांत अडकला नव्हता. नवमीला संध्याकाळी कळलं."

"घ्या!" सुधाकरनं हात झटकले. "ऐकलंत मामा? रोल अडकला नव्हता! कॅमेऱ्याचा पहिला धडा. आणि ही लग्नं काढणार! नवरी निघाली सासरला आणि ह्यांचा रोल डबीत! म्हणून म्हणत होतो, बायकांना..."

तो बोलत राहिला. मी टेबलाच्या कडेकडं बघत होते.

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. चष्मा काढला. तो पुसला. परत घातला.

"सुधाकर."

"काय?"

"रोल मी भरला होता."

बोळातून एक हातगाडी गेली. तिच्या चाकाचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू आला.

"तुम्ही..."

"मी. इथं उभं राहून. तू शेजारी होतास. पुण्याच्या पाण्याबद्दल सांगत होतास. मी चकतीकडं बघितलं नाही."

"मग ही बोलली का नाही?"

"तेच मी बघतोय, केव्हाचा." त्यांनी माझ्याकडं मान वळवली. "तू हे बोलली का नाहीस?"

"काय बोलणार, मास्तर? लग्नात नवरीच्या बापाला सांगता येतं का, की रोल दुसऱ्यानं भरला होता?"

मास्तरांनी वही ओढली. पानं उलटली, आपट्याचं पान निघालं, ते बाजूला ठेवलं. बोट वहीवर आणि डोळे फोटोंवर ठेवून एकेक नंबर जुळवत गेले. चौदाचं पान कोरं होतं; तिथं थांबले.

पांजरापोळ चौकातला उघड्यावरचा न्हावी. आरशाला हार, खुर्चीला हार. दसऱ्याला गिऱ्हाईक नाही, म्हणून तो स्वतःच आपल्या खुर्चीत बसलाय. गळ्याभोवती पांढरं फडकं बांधून, हनुवटी वर करून, आरशातल्या स्वतःकडं बघत, जणू आत्ता कुणी येईल आणि त्याची दाढी करील.

"हा कसा मिळाला?"

"तिथून जात होते."

"हूं." ते खुर्चीवरून उठले. गुडघा कडकडला. "सुधाकर, मंगळसूत्र किती वेळा घालतात?"

"एकदा."

"अक्षता?"

"एकदा. मामा, तुम्हीच रोज एक म्हणाला होता. पैज पैज असते."

"मी चुकीची पैज लावली. एकवीस दिवसांचं लग्न कुठं असतं बे? सगळं एका दिवसात उरकतं. सकाळी हळद, दुपारी अक्षता, संध्याकाळी पाठवणी. सगळं एकेकदाच, आणि दिवसभर पायांवर." त्यांनी बोटानं तिन्ही ओळी दाखवल्या. "ही बाई एका दिवसात एकवीस वेळा मंगळसूत्र घालताना पोचली. एकदाही उशीर नाही. तुझे मागच्या वैशाखातले काढ बरं बाहेर. कानवाले."

मला वाटलं, आता सुधाकर निघून जाईल. तो मागं गेला, पडद्याआडून स्टूल घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवलं. जरा आपटूनच ठेवलं. एक पाय आखूड होता, त्याखाली त्यानं पुठ्ठ्याची घडी सरकवली.

"हे डगमगतं," तो म्हणाला. "मी सहा वर्षं सांभाळलंय. चढा, पेन्सिलबाई."

मी चढले. वरून दुकान वेगळंच दिसलं. माझं टेबल किती लहान होतं. मास्तरांच्या डोक्यावर मधोमध टक्कल होतं आणि ते त्यांनी कधी कुणाला रिटच करू दिलं नव्हतं.

"पदर खोच," मास्तर खालून म्हणाले. "आणि रोल इथून पुढं तूच भरायचा. माझापण."

०

तुळशीचं लग्न झाल्यावर पहिल्याच तिथीला मी बाळीवेशीजवळच्या मांडवात स्टुलावर उभी होते. खाली दोनशे डोकी. अव्वा दुसऱ्या रांगेत बसली होती; तिला कुणी बोलावलं नव्हतं. नवरदेवाच्या कानामागं एक काका उभे होते.

"काका, दोन पावलं डावीकडं!" मी ओरडले. अख्खा मांडव डावीकडं सरकला.

डाव्या हाताची चकती फिरली.

त्या एकवीस फोटोंपैकी मास्तरांनी एकच मोठा केला. दीड हात उंच. फ्रेम करून स्टुडिओच्या काचेत लावला. पांजरापोळचा तो न्हावी रोज त्याच्यासमोर उभा राहून केस नीट करायचा. मास्तर गेले, सुधाकर पुण्यात आजोबा झाला, बोळाचं नाव बदललं; स्टुडिओ आता माझा आहे आणि फोटो अजून काचेत आहे. खाली मास्तरांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'नंबर चौदा. रोज जमायला हवं.'

चौदाव्या दिवशी मला ताप होता; आकडा चुकू नये म्हणून अंथरुणातूनच नुसतं बटण दाबलं होतं आणि मी घराबाहेर पडलेच नव्हते.